शिराककर अनानिया आणि सरकत जाणारं वर्ष

तुमचा प्रश्न असा आहे: "सातव्या शतकातल्या अनानिया शिराकात्सी या आर्मेनियन विद्वानानं पृथ्वी गोल आहे, आकाशगंगा म्हणजे दाट ताऱ्यांचा पुंज आहे असं लिहून ठेवलं, असं वाचलं. तो खरंच काळाच्या एवढा पुढे होता का? आणि कालगणनेत त्यानं नेमकं केलं काय?"

पंचांगाच्या गणितात माझी तीसेक वर्षं गेली आहेत, त्यामुळे मला यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. पहिला लवकर आटोपतो.

पृथ्वी गोल आहे हे अनानियाचं संशोधन नव्हे. ग्रीकांना ते हजारएक वर्षं आधी माहीत होतं आणि आपल्याकडे आर्यभटानं ४९९ मध्ये लिहून ठेवलं होतं. अनानियानं त्यासाठी अंड्याचा दाखला दिला: बलक म्हणजे पृथ्वी, पांढरा भाग म्हणजे हवा आणि कवच म्हणजे आकाश. आकाशगंगेबद्दल, चंद्राच्या उसन्या प्रकाशाबद्दल आणि ग्रहणांबद्दल तो जे लिहितो ते बरोबर आहे, पण त्यातलं बरंचसं ग्रीक ग्रंथांतून आलेलं आहे. एका बाबतीत तर आर्यभट त्याच्या पुढे होता. कदंबाच्या फुलाला सगळीकडून पाकळ्या असतात तसे पृथ्वीच्या सगळ्या अंगांना जीव आहेत, असं आर्यभट म्हणतो. अनानियाला मात्र पलीकडच्या बाजूला कोणी राहतं का, ही शंका सुटेना. तो सांगतो की स्वप्नात सोनेरी केसांच्या तरुणाच्या रूपात सूर्य आला, तेव्हा त्याला थेट विचारून घेतलं. सूर्य म्हणाला, तिकडे नुसते डोंगर आणि दऱ्या आहेत, वस्ती नाही. ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं, हे मला आवडतं. उत्तर चुकलं ही गोष्ट वेगळी.

आता माणसाकडे वळू. 'शिराकात्सी' हे आडनाव नव्हे. आर्मेनियन भाषेतलं 'त्सी' म्हणजे आपलं 'कर', तेव्हा शिराकात्सी म्हणजे शिराककर. शिराक हा आजच्या आर्मेनियाच्या वायव्येचा उंच, थंड प्रदेश. जन्म साधारण ६१० चा, मृत्यू ६८५ च्या सुमारास. त्याचं छोटंसं आत्मकथन आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. सातव्या शतकातला गणिती स्वतःच्या शिक्षणाची हकीकत स्वतः सांगतो आहे, असं फार थोड्यांच्या बाबतीत घडलं आहे. आर्यभटाबद्दल आपल्याला त्याच्या वयाचा एक श्लोक मिळाला तरी आपण हरखतो!

अनानिया म्हणतो, मला आकड्यांची ओढ होती. आकड्यांवाचून कुठलंही ज्ञान उभं राहत नाही असं मला वाटायचं, पण आमच्या देशात ते शिकवणारा कोणी नव्हता, पुस्तकंही नव्हती. म्हणून तो ग्रीकांच्या मुलखात निघाला. थिओडोसिओपोलिसला, म्हणजे आजच्या एर्झुरुमला, त्याला कळलं की क्रिस्तोसातूर नावाचे एक गणिती आहेत. त्यांच्याकडे सहा महिने काढल्यावर लक्षात आलं की गुरुजींचं ज्ञान अर्धवट आहे. मग कॉन्स्टँटिनोपलला जायचं ठरवलं. तिकडून येणारे ओळखीचे लोक वाटेत भेटले आणि म्हणाले, इतक्या लांब कशाला जातोस, त्रेबिझोंदला तुखिकोस आहेत, राजधानीतून मुलं त्यांच्याकडे शिकायला पाठवतात. काळ्या समुद्राच्या काठावरचं त्रेबिझोंद म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं त्राबझोन.

या तुखिकोसची कथाही अनानियानं सांगितली आहे आणि ती शिष्याच्या कथेहून रंगतदार आहे. तरुणपणी तो सैन्यात होता, आर्मेनियात राहिला होता आणि आर्मेनियन भाषा शिकला होता. इराण्यांशी लढताना अंतियोखजवळ तो जखमी झाला, होतं नव्हतं ते गमावलं. त्यानं नवस केला की यातून वाचलो तर पैसा मिळवायचा नाही, विद्या मिळवायची. बरा झाल्यावर जेरुसलेम, अलेक्झांड्रिया, रोम असा फिरला, मग कॉन्स्टँटिनोपलमध्ये अथेन्सच्या एका विद्वानापाशी शिकला आणि शेवटी त्रेबिझोंदला येऊन शाळा काढली. गुरूच्या पश्चात राजधानीत त्याच्या जागी बसायचं बोलावणं आलं, तेही त्यानं नाकारलं. अनानिया आठ वर्षं त्याच्यापाशी राहिला. गुरूच्या ग्रंथसंग्रहात उघड आणि गुप्त, धार्मिक आणि लौकिक, इतिहास, वैद्यक, कालगणना असं सगळं होतं. ग्रीक पोथी हातात घेऊन तुखिकोस ती आर्मेनियनमध्ये असा वाचत जायचा, की जणू ती मुळातच त्या भाषेत लिहिली आहे.

परत आल्यावर अनानियानं शाळा काढली, आणि इथून आत्मकथनाचा सूर कडू होतो. शिकायला लोक आले, पण अभ्यास पुरा व्हायच्या आत निघून गेले आणि स्वतःला जे कळलं नव्हतं ते दुसऱ्यांना शिकवू लागले. आपल्या लोकांना विद्येचं प्रेम नाही, ते आळशी आहेत, पटकन कंटाळतात, असं तो चिडून लिहितो. कुठलाही क्लासवाला आजही हेच बोलेल.

त्या शाळेतली गणितं उरली आहेत. प्रश्न आणि उत्तरं अशा संग्रहात २४ उदाहरणं आहेत. एक असं: झौराक कामसाराकान या वीरानं एका महिन्यात इराणी फौजेवर तीन हल्ले केले. पहिल्या हल्ल्यात निम्मी फौज कापली, दुसऱ्यात एक चतुर्थांश, तिसऱ्यात एक अकरांश. २८० जण जीव घेऊन नखचवानला पळाले, तर मूळ फौज किती? उत्तर १,७६०. (८८०, ४४० आणि १६० वजा करून पाहा.) हे गणित वडिलांनी सांगितलं, असं तो लिहितो. या संग्रहाबरोबर त्यानं बेरीज, वजाबाकी, गुणाकाराची कोष्टकंही केली. आर्मेनियन लिपीत तेव्हा ३६ अक्षरं होती, बरोबर नऊच्या चार रांगा: एकं, दहं, शतं, सहस्र. म्हणजे प्रत्येक अक्षर हाच एक आकडा, शून्याचं काम नाही. अशा पद्धतीत गुणाकार पाठ असल्याशिवाय एक पाऊल पुढे पडत नाही. 'अश्खरहत्सुइत्स' हा जुना आर्मेनियन भूगोलग्रंथही बहुतेक अभ्यासक त्याचाच मानतात, पण त्यात आत्ता शिरत नाही.

आता मुख्य गोष्ट. आर्मेनियन वर्ष होतं ३६५ दिवसांचं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच जादा दिवस, त्यांना 'अवेल्यात्स' म्हणजे वाढीव म्हणतात. लीप वर्ष नाही. मुंबईच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, कारण पारशांच्या शहेनशाही पंचांगाची घडण हीच आहे: बारा महिने तीस दिवसांचे आणि पाच गाथांचे दिवस. दोन्हींचं मूळ जुन्या इराणी प्रथेत आहे. पारशांचा चौथा महिना तीर, सातवा मेहेर, नववा आदर. आर्मेनियन चौथा त्रे, सातवा मेहेकान, नववा अहेकान. आणि पहिल्या महिन्याचं नाव 'नवासार्द'. हा इराणी शब्द म्हणजे 'नवं वर्ष', आणि त्यातलं 'सार्द' आपल्या 'शरद'चं सख्खं भावंड आहे. 'जीवेम शरदः शतम्' मधला शरद म्हणजे वर्ष, तोच हा.

सौर वर्षात ३६५ दिवस आणि जवळपास सहा तास असतात. ते सहा तास सोडून दिले की दर चार वर्षांनी वर्षारंभ एक दिवस मागे येतो. आर्मेनियन शकाची सुरुवात ११ जुलै ५५२ ला धरतात (इथल्या तारखा ज्युलियन, म्हणजे सीझरच्या जुन्या रोमन पंचांगाच्या). म्हणजे ४२८ च्या आसपास नवासार्द ऑगस्टच्या ११ ला येत असणार, आणि अनानियाच्या उमेदीच्या काळात, ६६५ च्या सुमारास, तो जूनच्या मध्यावर आलेला होता. पिकं हाती आल्यावरचा सण पिकं उभी असताना.

शेतकऱ्याला याचं फारसं वाटत नाही, तो झाडं आणि नक्षत्रं बघतो. खरा त्रास चर्चला होता. ख्रिस्तजन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला साजरे करतं (अनानियानं या तारखेच्या बाजूनं लिहिलंही आहे). रोमन ६ जानेवारी ही सरकत्या आर्मेनियन वर्षात दर चार वर्षांनी वेगळ्या दिवशी पडणार. आणि ईस्टर तर चंद्र, सूर्य आणि आठवड्याचा वार अशा तिन्हींवर अवलंबून: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. आपल्याकडे संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. इथे वारच सणाचा पाया आहे.

याचं गणित सुंदर आहे. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. आपले अधिक मासही १९ वर्षांत सात येतात ते यामुळेच. वार आणि लीप वर्ष यांची जोडी २८ वर्षांनी जुळते. १९ गुणिले २८ म्हणजे ५३२. ५३२ वर्षांचं एक कोष्टक केलं की ईस्टरच्या तारखा पुन्हा त्याच क्रमानं फिरतात. ५५२ हे शकारंभाचं वर्षही इथूनच आलं: ३५३ पासून चालत आलेलं आंद्रेआसचं २०० वर्षांचं ईस्टर-कोष्टक त्या वर्षी संपलं. म्हणजे आर्मेनियन शक एका राजाच्या राज्याभिषेकानं सुरू झालेला नाही, एक सारणी संपली म्हणून सुरू झाला. पंचांगवाल्या माणसाला याचं किती बरं वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

मग ५६२ मध्ये अलेक्झांड्रियाच्या एआसनं ५३२ वर्षांचं चक्र बसवलं आणि आर्मेनियनांनी ते घेतलं. बायझंटाइन दरबाराच्या सारणीत मात्र एका पौर्णिमेची तारीख एक दिवसानं वेगळी होती: आर्मेनियन सारणीत ६ एप्रिल, त्यांच्याकडे ५ एप्रिल. हा फरक १९ नं भाग जाणाऱ्या वर्षांत येतो. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण त्या वर्षी ५ एप्रिलला शनिवार असला, की बायझंटाइनांची पौर्णिमा शनिवारी आणि ईस्टर दुसऱ्या दिवशी, ६ तारखेला. आर्मेनियनांची पौर्णिमाच रविवारी, त्यामुळे ईस्टर पुढच्या रविवारी, १३ ला. एका दिवसाच्या फरकाचा आठवडा झाला. ५३२ वर्षांत हे चार वेळा घडतं: ५७०, ६६५, ७६०, १००७. आर्मेनियन भाषेत याला 'वाकडं ईस्टर' म्हणतात, आणि वाकडं अर्थातच समोरच्याचं. त्यावरून पुढे जेरुसलेममध्ये भांडणं झाली. या वादात आर्मेनियन एकटे नव्हते. ६६४ मध्ये, म्हणजे ६६५ च्या वाकड्या ईस्टरच्या आदल्याच वर्षी, युरोपच्या दुसऱ्या टोकाला, इंग्लंडातल्या व्हिटबीला, ईस्टर कधी यावर धर्मसभा भरली होती.

याच काळात आर्मेनियन चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू, कॅथोलिकोस अनास्तास (६६१ ते ६६७), यानं अनानियाला बोलावून सांगितलं की आपलं वर्ष इतर लोकांसारखं स्थिर करून दे. अनानियाची तयारी जय्यत होती. त्यानं हिब्रू, सिरियन, इजिप्शियन, इथिओपियन, ग्रीक, रोमन, इराणी, जॉर्जियन अशा डझनभराहून अधिक लोकांची पंचांगं शेजारी शेजारी मांडून ठेवली होती. त्यातल्या कॉकेशियन अल्बेनियनांच्या महिन्यांची नावं तर पुढे त्या लुप्त भाषेच्या अभ्यासकांना उपयोगी पडली. बाल्कनमधल्या अल्बेनियाशी त्यांचा संबंध नाही. तर अनानियानं काम पुरं केलं. अनास्तासनं बिशपांची सभा बोलावून ते मंजूर करायचं ठरवलं, आणि सभा भरायच्या आत तो वारला. पुढच्या धर्मगुरूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. हे दहाव्या शतकातला इतिहासकार आणि स्वतः कॅथोलिकोस असलेला होव्हान्नेस द्रासखानाकेर्तत्सी नोंदवतो. जुनंच चालू राहिलं.

तुमच्या "नेमकं केलं काय" याचं उत्तर म्हणूनच अवघड आहे. दर चार वर्षांनी एक दिवस घाला, हे सांगायला अनानियाची गरज नव्हती. सीझरच्या पंचांगात ते सातशे वर्षं चालू होतं. कठीण काम वेगळं होतं: नवा वर्षारंभ कुठे ठेवायचा, सण कुठे बसवायचे, ईस्टरची सारणी त्यात कशी ओवायची, आणि हे सगळं कोणाच्या शिक्क्यानं लागू करायचं. पहिली तीन कामं त्याच्या हातात होती. चौथं एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेलं होतं. आपल्याकडे टिळक पंचांगाच्या मागे खुद्द लोकमान्य होते, तरी महाराष्ट्रातली बहुतेक घरं इतर पंचांगांवरच राहिली आणि टिळक पंचांग मुख्यतः कोकणातल्या काही भागांत उरलं. गणित चुकलं म्हणून पंचांग पडल्याचं उदाहरण मी क्वचितच पाहिलं आहे.

अनानियाच्या कालगणनेच्या मोठ्या ग्रंथाचं नाव 'क्न्निकोन'. तो पुढे इतका दुर्मीळ झाला की अकराव्या शतकात ग्रिगोर मागिस्त्रोस या विद्वान सरदारानं कॅथोलिकोस पेत्रोसला पत्र लिहून तो मागितला.

राहिलेलं काम चारशे वर्षांनी दुसऱ्यानं केलं. त्याचं नाव होव्हान्नेस सार्कावाग. सार्कावाग म्हणजे डीकन, चर्चमधला धाकट्या पायरीचा धर्मसेवक. लोक त्याला 'इमास्तासेर' म्हणजे ज्ञानप्रेमीही म्हणत. तो उत्तर आर्मेनियातल्या हाघपात मठात शिकला, आनी शहरात शिकवलं, ११२९ मध्ये वारला. बहुभुज संख्यांवर त्याचं लेखन आहे, आणि प्रयोगानं पडताळल्याशिवाय कुठलंही मत ग्राह्य धरू नये, असं तो म्हणतो. त्याच्या हयातीत आनीतलं आर्मेनियन राज्य संपलेलं होतं आणि सेल्जुक तुर्कांचा अंमल होता.

१०८४ मध्ये त्यानं सुधारणा केली. वर्ष हेच का, ते आता तुम्हाला सांगावं लागणार नाही: ५५२ अधिक ५३२. एक पूर्ण चक्र संपलं होतं आणि नवं सुरू व्हायचं होतं. तोवर नवासार्द १३३ दिवस मागे सरकून फेब्रुवारीच्या अखेरीस आला होता. सुगीचा सण शिराकच्या बर्फात. सार्कावागनं तो ११ ऑगस्टला खिळवला आणि दर चौथ्या वर्षी सहावा अवेल्यात्स घातला. याला 'लहान शक' म्हणतात. गंमत अशी की त्याआधी पाचच वर्षं, १०७९ मध्ये, इस्फहानला सेल्जुक सुलतान मलिकशाहाच्या दरबारी उमर खय्याम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इराणी वर्षाचा हाच रोग बरा करून जलाली पंचांग सुरू केलं होतं. तिकडे सुलतानाचा शिक्का होता. इकडे फक्त मठ आणि विद्यार्थी.

त्यामुळे झालं असं की सार्कावागचं स्थिर वर्ष धर्मकार्यात आणि विद्वानांच्या लेखनात चाललं, पण इतिहासकार आणि लेखनिक शतकानुशतकं जुन्या सरकत्या वर्षातही तारखा घालत राहिले. पोथीच्या शेवटी नुसता आर्मेनियन शक दिसला की आधी विचारावं लागतं: मोठा, म्हणजे जुना सरकता, की लहान? पुढे जुल्फाच्या अझारियानं १६१६ पासून मोजणारं, वसंतात सुरू होणारं तिसरं वर्ष आणलं; ते व्यापाऱ्यांनी उचललं आणि त्यांच्याबरोबर ते भारतात आलं. सुरतेच्या आर्मेनियन थडग्यांवर त्या शकाची वर्षं आहेत. मुंबईत फोर्टमध्ये आर्मेनियन चर्च आहे, १७९६ चं, तेही याच व्यापारी मंडळींचं.

आता तुम्हाला हिशोब स्वतः करून पाहायचा असेल तर सोपा आहे. ३६५ दिवसांची १,४६१ वर्षं आणि ३६५.२५ दिवसांची १,४६० वर्षं यांचा अहर्गण, म्हणजे एकूण दिवसांची संख्या, सारखाच येतो: ५,३३,२६५ दिवस. ११ जुलै ५५२ मध्ये ते मिळवा. अनानियाला जे वर्ष थांबवायचं होतं ते कोणी न अडवता पूर्ण फेरी मारून २४ जुलै २०१२ ला, मंगळवारी, ज्युलियन हिशोबानं पुन्हा ११ जुलैवरच आलं, आणि दुसऱ्या फेरीला लागलं.